‘गावंढळ’ इंग्रजीचे प्राध्यापक

इंग्लंडमधल्या एखाद्या विद्यापीठात कुणी प्राध्यापक यॉर्कशरच्या नाहीतर डरहॅमच्या खेडुतांच्या इंग्रजीवर संशोधन करतो आणि वर्गातही तेच शिकवतो, असं सांगितलं की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस आधी हसतो आणि मग चिडतो. हसतो, कारण इंग्रजीलाही बोली असतात ही त्याला बातमीच असते. चिडतो, कारण क्लासची फी भरून, आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून कमावलेल्या आपल्या ‘शुद्ध’ इंग्रजीला या उद्योगातून कुणीतरी चिमटा काढतंय अशी त्याला शंका येते. बिचारा एकटा नाही. खुद्द इंग्लंडात मंत्री, स्तंभलेखक आणि मुख्याध्यापक कित्येक दशकं हीच री ओढत आले आहेत.

त्यांचं म्हणणं असं. भाषेचं शुद्ध रूप एकच. बोली म्हणजे आळशी जिभांनी केलेली त्या रूपाची मोडतोड. मग तिचा अभ्यास म्हणजे चुकांचं संग्रहालय मांडून बसणं, तेही सरकारी खर्चानं. शिवाय या बोली मरणपंथाला लागलेल्या. टीव्हीनं अर्ध्या मारल्या, उरलेल्या मोबाइल मारेल. आणि सगळ्यात गंभीर आरोप असा की हे प्राध्यापक गरिबांच्या पोरांना ‘बाळा, तू बोलतोस तेच छान’ म्हणून गोंजारतात, त्यांची नोकरीची वाट अडवतात, आणि स्वतः मात्र निर्दोष प्रमाण इंग्रजीत पुस्तकं लिहितात. हा शेवटचा मुद्दा इंग्रजी भाषेचे अभ्यासक जॉन हनी यांनी १९८३ साली ‘द लँग्वेज ट्रॅप’ या पुस्तिकेत मांडला, पुढं १९९७ च्या पुस्तकात आणखी चढ्या आवाजात मांडला, आणि वर्तमानपत्रांनी तो आनंदानं उचलला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, याचं इतकं ठसठशीत उदाहरण भाषेच्याच चर्चेत सापडावं हा योगायोग मोठा गमतीचा.

आधी ‘मोडतोड’ पाहू. मोडतोड म्हणायची तर मूळ वस्तू आधी असायला हवी. इथं क्रम उलटा आहे. यॉर्कशर, डेव्हन, नॉरफोक इथली माणसं शेकडो वर्षं आपापली इंग्रजी बोलत होती, तेव्हा प्रमाण इंग्रजी जन्मलीही नव्हती. आल्फ्रेड राजाच्या वंशजांच्या काळात लिखाणाचा मान विंचेस्टरकडच्या वेसेक्सच्या बोलीला होता. नॉर्मन आले, तो मान गेला. पुढं लंडन मोठं झालं, दरबार तिथं, कचेऱ्या तिथं, व्यापार तिथं; १४७६ साली कॅक्स्टननं छापखाना थाटला तोही वेस्टमिन्स्टरला. लंडन आणि त्याच्या उत्तरेकडच्या मुलखाची बोली अशा रीतीनं गादीवर बसली. तिच्या व्याकरणात काही दैवी तेज होतं म्हणून नव्हे. पुण्याकडची मराठी प्रमाण ठरली ती काय तिच्या अनुस्वारांच्या सौंदर्यामुळे? पेशव्यांचं बस्तान तिथं होतं आणि पुढं मेजर कँडींच्या पाठ्यपुस्तकांनी त्यावर शिक्का मारला.

आता ‘आळशी जिभां’कडे. प्रमाण इंग्रजीत ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’, ‘अवरसेल्व्ज’ ही रूपं षष्ठीवरून होतात. मग अचानक ‘हिमसेल्फ’ आणि ‘देमसेल्व्ज’ कुठून आले? बोलींमध्ये सरळ ‘हिसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ आहेत. नियम कुणी पाळला आणि अपवाद कुणी केला? प्रमाण इंग्रजीनं एकवचनी ‘दाऊ’ टाकून दिलं आणि एकाला काय, दहांना काय, ‘यू’वर भागवू लागली. तू आणि तुम्ही यांतला फरक पोटातून शिकलेल्या मराठी माणसाला ही गैरसोय वेगळी समजावून सांगायला नको. यॉर्कशरच्या जुन्या माणसांनी ते एकवचन जपलं. लिव्हरपूल, न्यूकासल, मिडल्सब्रोच्या माणसांनी ‘यूज’ हे नवं अनेकवचन घडवलं. आळशानं नवं सर्वनाम घडवलं आणि उद्योगी माणसानं असलेलं हरवलं, असा हा विलक्षण आळस आहे! दोन नकार एका वाक्यात आले की होकार होतो, हा नियमही अठराव्या शतकात बिशप लाउथ यांच्यासारख्यांच्या व्याकरणांनी रूढ केला. त्याआधी कवी चॉसर बेलाशक दोन-तीन नकार एका दमात वापरत होता. त्यालाही ‘शुद्ध’ इंग्रजीच्या शाळेत पाठवावं काय?

‘चुकांचं संग्रहालय’ भरवणारे हे लोक तरी कोण होते? जोसेफ राइट. जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकणारा पोरगा, मग कापडगिरणीत बालकामगार. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. रात्रशाळेत शिकला, पैसे साठवून जर्मनीत गेला, हायडेलबर्गची डॉक्टरेट घेतली आणि १९०१ साली ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९८ ते १९०५ या काळात त्यानं ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’चे सहा खंड काढले, तेही स्वतःची पदरमोड करून आणि वर्गणीदार जमवून. आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण त्याआधीच, १८९२ मध्ये, लिहून झालं होतं. ऑक्सफर्डात त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे टॉल्किन. या टॉल्किननं पुढं हडर्सफील्डकडच्या बोलीच्या एका शब्दसंग्रहाला प्रस्तावना लिहिली. गाढवं हाकणाऱ्याच्या बोलीत ज्ञानाजोगं काही नसतं, हे या दोघांना सांगायचं धाडस कुणी करावं?

सरकारी खर्चाबद्दल ओरडणाऱ्यांनी हॅरल्ड ऑर्टन यांचं काम एकदा बघावं. डरहॅम परगण्यातल्या बायर्स ग्रीन या खेड्यातला हा माणूस. पहिल्या महायुद्धात जायबंदी झाला आणि १९३३ मध्ये आपल्याच मुलखाच्या उच्चारांवर ग्रंथ लिहिला. १९४६ पासून लीड्स विद्यापीठात बसून त्यानं झुरिकच्या ऑयगेन डीट यांच्याबरोबर एक प्रश्नावली रचली: १३०० हून अधिक प्रश्न. १९५० ते १९६१ या काळात त्याचे विद्यार्थी आणि सहकारी ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, ही प्रश्नावली घेऊन गेले. स्टॅन्ली एलिस हा त्यांतला एक, संसार कॅरव्हॅनमध्ये घालून गावोगाव फिरला. प्रश्न विचारायची रीतसुद्धा पाहण्यासारखी होती. ‘गोठ्याला काय म्हणता?’ असं विचारलं की माणूस पुस्तकी शब्द देतो. म्हणून ‘गाई बांधता त्या जागेला काय म्हणता?’ असं विचारायचं आणि उत्तर जागच्या जागी उच्चारलिपीत उतरवायचं. मग दिसतं की उत्तरेला ‘बायर’, लँकशरात ‘शिपन’, पश्चिम यॉर्कशरात ‘मिस्टल’. चार लाखांहून अधिक नोंदी झाल्या. त्या नकाशांवर मांडल्यावर हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग कुठं वसले होते ते शेतकऱ्यांच्या तोंडच्या शब्दांतून डोकावू लागलं. उत्तरेत मुलं ‘प्ले’ करत नाहीत, ‘लेक’ करतात, हा शब्द नॉर्स लोकांनी आणलेला. इतिहासाची कागदपत्रं जिथं मुकी होतात तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जीभ बोलते. पुरातत्त्वज्ञाला एक खापर सापडलं तर आपण टाळ्या वाजवतो, आणि जिवंत माणसाच्या तोंडात सापडलेल्या अवशेषाला ‘गावंढळपणा’ म्हणतो.

एक खरं की ऑर्टननं खेड्यातले म्हातारे निवडले आणि शहरं सोडली. पण ही उणीव बाहेरच्या टीकाकारांनी नाही, त्याच शाखेच्या पुढच्या पिढीनं दाखवली आणि भरूनही काढली. पीटर ट्रडगिल या नॉरिचच्या पोरानं आपल्याच शहरातल्या साठ माणसांना बोलतं केलं. त्यात त्याला एक मजा आढळली. बरेच पुरुष प्रत्यक्षात जितकं ‘शुद्ध’ बोलत होते त्यापेक्षा ‘अशुद्ध’ बोलत असल्याचं सांगत होते. म्हणजे येत नाही म्हणून बोली बोलतात, हेही गेलं. येतं, पण मिरवायची असते ती बोली.

आता तो लाडका प्रश्न: याचा उपयोग काय?

१९८५ साली नॉर्मन टेबिट या मंत्रिमहोदयांनी रेडिओवर एक सिद्धान्त मांडला. चांगल्या-वाईट इंग्रजीतला भेद सोडून दिला की सगळ्याच मर्यादा सुटतात आणि मग गुन्हेगारीपासून दूर राहण्याचं कारण उरत नाही, असा त्याचा मथितार्थ. बोली आणि गुन्हेगारी यांचा संबंध आहे हे मलाही मान्य आहे. फक्त तो टेबिटसाहेबांना वाटतो तसा नाही.

१९७५ पासून उत्तर इंग्लंडात एक माणूस बायकांचे खून करत सुटला होता. जून १९७९ मध्ये तपास अधिकारी जॉर्ज ओल्डफील्ड यांच्या हाती एक ध्वनिफीत आली: मीच तो, मला पकडून दाखवा, अशा अर्थाची. पोलिसांनी ती लीड्स विद्यापीठातल्या दोघांना ऐकवली. कॅरव्हॅनमधून फिरलेले तेच स्टॅन्ली एलिस आणि ध्वनिशास्त्रज्ञ जॅक विंडसर लुइस. एलिसनं तो आवाज सुंदरलंडचा, आणि सुंदरलंडातही साउथविक-कासलटाउन या पट्ट्यातला आहे असं सांगितलं. अख्खा देश नव्हे, परगणा नव्हे, शहराची एक कड. ही विद्या कुठून आली? गोठ्याला काय म्हणता असं विचारत गावोगाव फिरण्यातून आली.

पुढचा भाग कटू आहे. आवाजाचं गाव ओळखता येतं, त्या आवाजाचा माणूस खुनी आहे की थापाड्या, हे उच्चारावरून ओळखता येत नाही. फीत बनावट असू शकते ही शंका या भाषाशास्त्रज्ञांनी बोलून दाखवली. पोलिसांनी शास्त्रातला सोयीचा अर्धा भाग घेतला, गैरसोयीचा सोडला, आणि ज्याचा हेल सुंदरलंडचा नाही त्याला संशयितांतून वगळायला सुरुवात केली. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचा होता. त्या फितीनंतर आणखी तीन बायका मारल्या गेल्या. तो जानेवारी १९८१ मध्ये पकडला गेला. फीत पाठवणारा थापाड्या डीएनएच्या आधारे २००५ साली सापडला, आणि तो सुंदरलंडचाच निघाला. एलिसचं निदान अचूक होतं, त्याचा इशाराही अचूक होता. त्याच्या शास्त्राला नुसती पत्ता सांगण्याची करामत समजणाऱ्यांच्या चुकीची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये पॅन अ‍ॅम कंपनीला फोनवरून बॉम्बच्या धमक्या आल्या आणि तिथल्या एका माल चढवणाऱ्या कामगाराला अटक झाली. तो न्यूयॉर्कचा. पूर्वेकडचं बोलणं कॅलिफोर्नियातल्या कानांना सगळं सारखंच. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव यांनी न्यायालयात दाखवून दिलं की धमकी देणारा ‘बॉम्ब’ आणि ‘ऑफ’ या शब्दांतला स्वर एकच उच्चारतो. बॉस्टनकडे असं होतं, न्यूयॉर्कात हे दोन स्वर वेगळे असतात. कामगार निर्दोष सुटला. एका स्वराच्या फरकावर एका माणसाची सुटका झाली. उपयोग विचारणाऱ्यांना आणखी काय हवं?

‘बोली मरतायत’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. काही शब्द मरतात, तसे ते प्रमाण भाषेतही मरतात. पण लॅबोव यांनी १९६० च्या सुमारास मार्थाज व्हिनयार्ड बेटावर पाहिलं की पर्यटकांची गर्दी वाढली तशी तिथल्या कोळ्यांनी आपली जुनी उच्चाराची लकब आणखी घट्ट केली. १९९० च्या दशकात पॉल कर्सविल यांनी मिल्टन कीन्स या नव्या शहरात उपऱ्यांच्या मुलांकडून एक नवी बोली घडताना नोंदवली. जेनी चेशर यांच्यासह त्यांनीच पुढं पूर्व लंडनमध्ये अनेक वंशांच्या मुलांची समाईक नवी इंग्रजी टिपली. रुग्ण मेला म्हणून घोषणा करणाऱ्यांनी निदान पाळण्यात डोकावून पाहावं.

आता गरिबांच्या पोरांचा प्रश्न. त्याचं उत्तर सावकाश द्यायला हवं, कारण इथं ढोंग सगळ्यात जास्त आहे.

२०१३ साली मिडल्सब्रोमधल्या एका प्राथमिक शाळेनं पालकांना पत्र पाठवलं: मुलांना ‘नाउट’, ‘गिझिट इअर’, ‘यूज’ असं घरी बोलू देऊ नका. त्याच वर्षी बर्मिंगहॅमजवळच्या हेल्सोवेनमधल्या एका शाळेनं ब्लॅक कंट्री बोलीतल्या काही शब्दप्रयोगांवर बंदी घातली. हेतू अर्थातच उदात्त होता, मुलांना नोकऱ्या मिळाव्यात. ज्युलिया स्नेल या भाषाशास्त्रज्ञ मिडल्सब्रो ज्यात येतं त्याच टीसाइड भागातल्या दोन शाळांत मुलांचं बोलणं ऐकत बसल्या होत्या. त्यांना आढळलं ते असं: कामगारांची मुलं बोलीची रूपं वापरतात तशी प्रमाण रूपंही वापरतात. कुणाला चिडवायचं असेल, लाडीगोडी लावायची असेल, मागणीचा ताठा कमी करायचा असेल, तर ती बोलीकडे वळतात. इंग्रजी ‘मी’ऐवजी (म्हणजे ‘मला’ऐवजी) ‘अस’ म्हणून मागितलं की मागणं मऊ होतं. म्हणजे या नऊ-दहा वर्षांच्या पोरांकडे दोन हत्यारं आहेत आणि कुठलं कुठं चालवायचं हेही त्यांना कळतं. शाळा म्हणते, एक खाली ठेव. मग वर्गात मूल काय करतं? गप्प बसतं. आणि गप्प बसलेलं मूल ‘शुद्ध’ बोलायला कसं शिकणार, हे त्या पत्रांत कुठंच लिहिलेलं नसतं.

प्रमाण इंग्रजी शिकवू नका, असं ट्रडगिल म्हणालेले नाहीत, स्नेल म्हणालेल्या नाहीत, लॅबोव तर नाहीतच. हनी ज्या प्रतिस्पर्ध्याशी लढले ते त्यांनीच उभं केलेलं बुजगावणं होतं. भाषाशास्त्रज्ञ एवढंच म्हणतात की नवी भाषा द्यायला जुनी हिसकावून घ्यावी लागत नाही. नॉर्वेच्या संसदेनं १८७८ साली ठरवलं की शाळेतलं तोंडी शिक्षण मुलांच्या स्वतःच्या बोलीतून व्हावं. आजही तिथं खासदार, प्राध्यापक, टीव्हीवरचे निवेदक आपापल्या गावच्या बोलीत बोलतात. देश बुडाला? ऑर्टनचा सहकारी डीट ज्या झुरिकमधून आला होता तिथं बँकेतला मोठा साहेबही घरी-दारी झुरिकच्या बोलीतच बोलतो, आणि डीटनं तर ती लिहायची पद्धतही बसवून दिली होती. त्या बँकांकडे पैशांची टंचाई असल्याचं ऐकिवात नाही. बोली दारिद्र्य आणते हा सिद्धान्त मिडल्सब्रोत खरा आणि झुरिकमध्ये खोटा कसा ठरतो? त्याचं उत्तर बोलीत नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

आणि कान सुधारता येतात. देव्यानी शर्मा, एरेझ लेवन आणि सहकाऱ्यांच्या ‘अ‍ॅक्सेंट बायस इन ब्रिटन’ या प्रकल्पात दिसलं की कुठला उच्चार प्रतिष्ठित आणि कुठला हलका, याची लोकांच्या मनातली उतरंड पन्नास वर्षांत फारशी हललेली नाही. पण नोकरीच्या उमेदवाराचं उत्तर नीट पारखायला सांगितलं तर अनुभवी वकिलांना उच्चार बाजूला ठेवून गुणवत्ता ओळखता आली. मग शिकवणी कुणाला लावायची, नऊ वर्षांच्या पोराला की त्याच्या भावी साहेबाला? अर्थात साहेबाला पत्र पाठवायची हिंमत कुठल्या शाळेला होणार!

सरकारला हे सगळं ठाऊक नव्हतं असं नाही. १९८९ ते १९९२ या काळात इंग्लंडात शिक्षकांसाठी भाषाज्ञानाचा मोठा कार्यक्रम झाला, रोनाल्ड कार्टर यांच्या नेतृत्वाखाली. त्यात बोली आणि प्रमाण भाषा दोन्ही समजावून देणारं साहित्य तयार झालं. १९९१ साली सरकारनं ते छापायला नकार दिला आणि स्वामित्वहक्क आपल्याकडे ठेवून दुसऱ्या कुणालाही छापू दिलं नाही. शिक्षकांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढून वाटल्या. सरकारी पैसा वाया गेल्याची चिंता करणाऱ्यांपैकी तेव्हा किती जण चिडले?

आपला यात संबंध काय? आपल्या विद्यापीठांतल्या एम.ए. इंग्रजीच्या ध्वनिशास्त्राच्या पेपरात अजून इंग्रजीचे चव्वेचाळीस ध्वनी घोकून घेतले जातात. ते ज्या उच्चाराचे आहेत तो ब्रिटनमध्ये तीनेक टक्के लोकच बोलतात, असा ट्रडगिल यांचा जुना अंदाज. म्हणजे साताऱ्याची पोरगी सत्त्याण्णव टक्के इंग्रजांचं इंग्रजी ‘चूक’ समजायला शिकून विमानात बसते. सुंदरलंडच्या इस्पितळात रुजू झालेल्या मराठी डॉक्टरसमोर म्हातारा बोट पुढं करून ‘स्पेल्क’ रुतलंय म्हणतो, तेव्हा लाकडाच्या कुसळाला तिथं काय म्हणतात हे चव्वेचाळीस ध्वनींत सापडत नाही, ऑर्टनच्या नोंदींत सापडतं. आणि ज्यांना अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून काढलेली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं किंवा डेक्कन कॉलेजनं अलीकडे केलेलं बोलींचं सर्वेक्षण म्हणजे रिकामा उद्योग वाटतो, ते यॉर्कशरच्या शेतकऱ्यावर हसतात यात नवल नाही. चंदगडच्या आणि मालवणच्या माणसावर हसून त्यांचा सराव झालेला असतो.

प्रमाण इंग्रजी ही इंग्रजीच्या बोलींपैकी एक आहे, गादी मिळालेली. ती शिकवावीच, पण तिला गादी कशी मिळाली हे न सांगता जो शिकवतो तो व्याकरणाच्या नावाखाली दरबारी शिष्टाचार शिकवत असतो. राइट, ऑर्टन, एलिस, ट्रडगिल, स्नेल यांचं काम इंग्रजीच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावरचं ऐच्छिक प्रकरण नव्हे, पहिलं प्रकरण आहे. ऑर्टनच्या शेतकऱ्यांचे आवाज ब्रिटिश लायब्ररीनं आणि लीड्सनं जपून ठेवले आहेत. ज्या प्राध्यापकांना ते निरुपयोगी वाटतात त्यांनी एखाद्या म्हाताऱ्याची दहा मिनिटं वर्गात लावावीत, त्याचं एकूण एक वाक्य फळ्यावर लिहावं, आणि मग विद्यार्थ्यांसमोर सांगावं की इंग्रजी येत नाही ते नेमकं कुणाला.